उतरवलेलं जर्नल, फुगवलेला रेझ्युमे

रेझ्युमेत ‘एचपीएलसी’ एवढंच लिहिलेलं असतं. त्याच्या खाली पीसीआर, वेस्टर्न ब्लॉट, सेल कल्चर, यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोस्कोपी अशी पंधरा-वीस नावं ओळीनं मांडलेली. मुलाखत घेणाऱ्या मॅडम त्यातलं एक उचलतात आणि साधं विचारतात, कॉलम कुठला होता? उमेदवार म्हणतो, सी-एटीन. मोबाइल फेज काय घेतला होता? जरा थांबून उत्तर येतं, मिथेनॉल आणि पाणी. मधेच कॉलमचं प्रेशर वाढलं तर आधी काय बघाल? यावर काहीच उत्तर येत नाही. मग हळूच खुलासा होतो, ‘मॅडम, आम्हाला डेमो दाखवला होता.’

पुण्यातली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, आघारकर संशोधन संस्था, खारघरचं ॲक्ट्रेक, नागपूरची नीरी, गोव्यात दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था अशा ठिकाणी प्रकल्पांवरच्या तात्पुरत्या जागा वर्षभर निघत असतात. पात्रता एमएस्सी, बऱ्याच जागांना नेट किंवा गेट, नेमणूक प्रकल्प चालेल तोवर. जेआरएफचं, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीचं, विद्यावेतन जानेवारी २०२३पासून महिना ३७ हजार रुपये झालं, वर घरभाडे भत्ता. लातूर-परभणीकडून आलेल्या मुलीला पुण्यात खोली घेऊन राहता येईल आणि पुढे पीएचडीचा रस्ता धरता येईल, इतपत ही रक्कम आहे. साहजिकच एकेका जागेसाठी अर्जांचा ढीग पडतो. तो चाळणारा माणूस म्हणजे प्रकल्पाचा प्रमुख, ज्याला सगळे पीआय म्हणतात. त्याला एचआरची भाषा कळत नाही आणि कळून घ्यायचीही नसते. उद्यापासून आपल्या बाकावर कोण उभं राहणार आणि त्याच्या हातात महागाचं रिएजंट द्यावं का, एवढंच त्याला ठरवायचं असतं.

रेझ्युमे कसा लिहावा याबद्दल सल्ल्यांचा सुकाळ आहे. टेम्प्लेट कुठला घ्यावा, क्रियापदं जोरकस कशी वापरावीत, सुरुवातीला ‘ऑब्जेक्टिव्ह’ लिहावं की ‘समरी’, हे सांगणारे व्हिडिओ ढिगानं सापडतात. आता तर एआयला सांगितलं की अर्ध्या मिनिटात गुळगुळीत इंग्रजी तयार. त्यामुळे सगळे अर्जदार एकाच घरातले वाटू लागलेत: सगळे ‘पॅशनेट’, सगळे ‘डिटेल-ओरिएंटेड’, सगळे ‘टीम प्लेअर’. हे सल्ले अगदीच वाया नाहीत, पण मूळ दुखणं त्यांच्या आवाक्याबाहेरचं आहे. प्रयोगशाळेत मुलानं जे खरोखर केलं, त्याची नोंदच त्याच्याजवळ नसते. ती न ठेवण्याची सवय आपली महाविद्यालयं पहिल्या वर्षापासून लावतात.

विज्ञान शाखेतून गेलेल्या कुणालाही जर्नलबद्दल विचारा. टायट्रेशनचा तक्ता आठवा: आधी पायलट रीडिंग, मग तीन रीडिंग, आणि शेवटच्या रकान्यात सीबीआर, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. ब्युरेट प्रत्यक्षात १०.१, १०.४, १०.२ दाखवते. शेवटच्या थेंबाला गुलाबी रंग जरा गडद झाला, कुणाचा डोळा वर गेला, कुणाचा नळ वेळेवर बंद झाला नाही, असं व्हायचंच. जर्नलमध्ये मात्र १०.२, १०.२, १०.२ असं ओळीनं उतरतं. ज्याचं अगदीच भलतं आलं, तो शेजारच्या वहीत डोकावतो किंवा उत्तरावरून उलटं गणित करून रीडिंग ‘बसवतो’. सबमिशनच्या आदल्या रात्री सीनियरचं जर्नल पैदा करायचं, ते चांगल्या अक्षरात उतरवायचं, आकृत्या पेन्सिलीनं काढायच्या आणि सही घ्यायची. परीक्षेला बसायला सर्टिफाइड जर्नल लागतं, म्हणून सहीला किंमत. आत काय आहे ते बघायला वेळ कुणाकडे आहे? एका बॅचला वीस-पंचवीस मुलं, शिकवायला तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक आणि बारा वाजता दुसरी बॅच दारात उभी.

पदवीची आणि पदव्युत्तर मिळून पाच वर्षं अशी जातात. त्यात फसलेल्या प्रयोगाची एक ओळही कुठे राहत नाही. मग रेझ्युमे लिहायला बसल्यावर हाताशी उरतात ती उपकरणांची नावं. ती मुलगा लिहितो. त्याला खोटारडा म्हणणं सोपं आहे, पण पाच वर्षं जे शिकवलं तेच तो करतोय.

याच्या अगदी उलट टोकाचा एक अर्ज विज्ञानाच्या इतिहासात आहे. मायकेल फॅरेडेकडे तर उपकरणांची नावंही नव्हती. शाळा जेमतेम झालेली, लंडनमध्ये जॉर्ज रिबो यांच्या दुकानात पुस्तकबांधणीची उमेदवारी चाललेली, बांधायला येणारी पुस्तकं वाचून काढायची सवय लागलेली. प्रयोगशाळेत कसलंही काम द्या, असं पत्र त्यानं रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पाठवलं. उत्तर आलं नाही. १८१२ साली दुकानातल्या विल्यम डान्स या गिऱ्हाइकानं त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्हींच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. फॅरेडेनं चार व्याख्यानं ऐकली, टिपणं घेतली, घरी येऊन ती नीट लिहून काढली, प्रयोगांच्या आकृत्या काढल्या आणि सगळं स्वतःच्या हातानं बांधून डिसेंबरमध्ये ते बाड डेव्हींकडे पाठवून दिलं.

डेव्ही खूश झाले, भेटले, आणि बांधणीचाच धंदा धरून राहा असा सल्ला देऊन त्यांनी पोराला परत पाठवलं. जागा नव्हती. पुढे काही आठवड्यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनमधला विल्यम पेन नावाचा प्रयोगशाळेतला मदतनीस मारामारीपायी कामावरून गेला आणि डेव्हींना ते बाड आठवलं. १ मार्च १८१३ रोजी फॅरेडेची नेमणूक झाली: आठवड्याला २५ शिलिंग, माळ्यावर दोन खोल्या, कोळसा आणि मेणबत्त्या. वीज आणि चुंबकत्वाचं पुढचं सगळं काम त्याच इमारतीत झालं.

बँक्स यांना गेलेल्या पत्रात नुसती इच्छा होती, डेव्हींपुढे प्रत्यक्ष काम ठेवलेलं होतं. हा मुलगा लक्ष देऊन ऐकतो, पाहिलं तेवढंच लिहितो आणि त्याचा हात स्वच्छ चालतो, हे डेव्हींना कुणाच्याही शिफारशीविना कळलं. मदतनिसात याहून वेगळं काय शोधायचं असतं? नशीबही लागतं म्हणा. पेननं मारामारी केली नसती तर फॅरेडे कदाचित उत्तम बुकबाइंडर म्हणून निवृत्त झाला असता.

आज कुणी पीआयच्या टेबलावर बांधलेलं बाड नेऊन ठेवणार नाही. पण त्यातला ऐवज दोन ओळींत बसतो. समजा, एका मुलीनं एमएस्सीच्या प्रकल्पात टोमॅटोच्या पानांवर काम केलंय. रेझ्युमेत ती लिहिते: ‘डीएनए आयसोलेशन, पीसीआर, जेल इलेक्ट्रोफोरेसिस.’ अर्जांच्या ढिगात हीच ओळ जवळजवळ प्रत्येकाकडे सापडेल. त्याऐवजी ती असं लिहू शकते: ‘टोमॅटोच्या कोवळ्या पानांतून सीटॅब पद्धतीनं ४८ नमुन्यांचा डीएनए काढला. नॅनोड्रॉपवर २६०/२८० गुणोत्तर ११ नमुन्यांत १.८च्या बरंच खाली आलं, म्हणून ते क्लोरोफॉर्मनं पुन्हा शुद्ध केले. प्रत्येक पीसीआरसोबत डीएनए न घातलेली नळी ठेवली. एकदा त्याच नळीत बँड दिसला. पाणी दूषित निघालं, त्या आठवड्याचे निकाल रद्द करून पुन्हा लावले.’

जाणत्या माणसाला इथे बरंच काही वाचता येतं. शुद्ध डीएनएचं ते गुणोत्तर १.८च्या आसपास असतं आणि प्रथिनं किंवा फिनॉल राहिलं की घसरतं, हे मुलीला ठाऊक आहे. वनस्पतींच्या पेशींतल्या चिकट शर्करांपायी सीटॅब वापरावं लागतं, हे तिनं केलंय म्हणजे तिला विचारता येईल. डीएनए न घातलेल्या नळीत बँड दिसणं हा प्रयोगशाळेतला सगळ्यात नावडता क्षण असतो, कारण तो बाकीच्या सगळ्या सुंदर बँडांवर संशय आणतो. तिथे तिनं जेलचा फोटो कापून-छाटून प्रबंधात चिकटवला नाही, आठवड्याचं काम फेकून दिलं. अशी एक ओळ असेल तर बाकीच्या पानावर कमी टक्के असले तरी पीआय मुलाखतीला बोलावतो. निदान बोलवायला हवं.

आणि ही ओळ एआयला लिहिता येत नाही. इंग्रजी सुधारून तो देईल, तेवढं त्याच्याकडून जरूर घ्यावं. पण ४८ आणि ११ हे आकडे वहीतूनच यावे लागतात, आणि वही ठेवली नसेल तर ते आकडेही जर्नलमधल्या सीबीआरसारखे बसवलेले असतील. मुलाखतीत पुढच्याच प्रश्नाला ते उघडे पडतात.

कौशल्यांच्या यादीबद्दलही थोडं बोललं पाहिजे. स्वतः एकट्यानं करू शकतो, देखरेखीखाली केलंय आणि फक्त पाहिलंय, अशा तीन गटांत ती यादी विभागली तर आकारानं लहान होते, हे खरं. मुलं त्याला घाबरतात. पण बहुतेक पीआयंना तंत्र शिकवण्याची चिंता नसते. मायक्रोपिपेट नीट धरता येतं आणि सांगितलेलं ऐकतं असं कुणी मिळालं, तर बरीच तंत्रं काही आठवड्यांत शिकवून होतात. ‘सेल कल्चर येतं’ म्हणून सांगणाऱ्यानं इनक्युबेटरमध्ये बुरशी नेऊन सगळ्या लॅबच्या फ्लास्कांना लावली, तर ते निस्तरायला मात्र बराच काळ जातो. म्हणून ‘सेल कल्चर’च्या पुढे कुठली सेल लाइन, किती पॅसेज सांभाळले, कन्टॅमिनेशन झालं तेव्हा काय केलं, एवढं असावं. ‘पाहिलंय’ असं प्रांजळपणे लिहिणाऱ्याच्या ‘येतं’ या शब्दाला वजन येतं.

प्रकाशनांच्या रकान्यात याहून मोठा घोळ आहे. शोधनिबंध असला की गुण, गुण असले की बढती, अशी साखळी सरकारी नियमांनीच तयार केली आणि तिच्यावर पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा धंदा उभा राहिला. विद्यापीठ अनुदान आयोगानं मे २०१८मध्ये आपल्याच मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिकं एका फटक्यात काढून टाकली. विद्यापीठांकडून शिफारस होऊन आलेली बहुतांश नियतकालिकं किमान निकषांनाही उतरत नाहीत, हे पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन यांच्या गटानं त्याच सुमारास दाखवून दिलं होतं. तरीही एमएस्सीच्या मुलाला ‘एक पेपर टाकून घे, सीव्हीला बरा दिसेल’ असा सल्ला देणारे मार्गदर्शक अजून आहेत. चार दिवसांत स्वीकारला गेलेला असा पेपर चांगल्या प्रयोगशाळेत अर्जदाराच्या विरोधातच जातो. त्यापेक्षा न छापलेला, पण नीट केलेला प्रकल्प चांगला.

पेपर खरा असेल आणि नावं सात असतील, तर त्यातलं आपलं काय तेही सांगावं. यासाठी क्रेडिट नावाची एक सर्वमान्य वर्गवारी आहे. तिच्यात कल्पना मांडण्यापासून प्रयोग करणं, विदा सांभाळणं, आज्ञावली लिहिणं, मसुदा लिहिणं अशा १४ भूमिका आहेत आणि अनेक नियतकालिकं आता लेखकांकडून त्या भरून घेतात. पाचव्या नावाच्या मुलानं ‘आकृती ३मधली सगळी मोजमापं माझी’ असं लिहिलं, तर पहिल्या नावाच्या पण गप्प राहणाऱ्या मुलापेक्षा त्याला जास्त विचारलं जाईल. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाचं मोल ठरवू नका, असं सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१२पासून सांगतोय. आपल्याकडे तो आकडा अजून कंसात, ठळक टाइपात लिहिलेला असतो.

बाकीच्या गोष्टी झटपट उरकता येतील. दोन पानं पुरतात. दहावीचे टक्के, छंद, ‘वरील माहिती खरी आहे’ अशी प्रतिज्ञा, स्थळ, दिनांक आणि सही यांची गरज नसते. जन्मतारीख आणि प्रवर्ग सरकारी संस्था आपल्या छापील अर्जात वेगळे विचारतात, तिथे ते भरावेत. वडिलांचा व्यवसाय, उंची आणि वैवाहिक स्थिती लग्नाच्या परिचयपत्रातच शोभतात, तरी कित्येक अर्जांत ती अजून असतातच. संदर्भासाठी ज्यांची नावं द्यायची त्यांना आधी विचारावं, आणि विभागप्रमुखांपेक्षा ज्यांनी बाकावर काम करताना पाहिलंय त्यांचं नाव द्यावं. तारापूर, वाळूज किंवा वेर्णा इथल्या औषध कंपन्यांच्या गुणवत्ता विभागात अर्ज करायचा, तर कागद आधी एचआरकडे जातो. तिथे जाहिरातीतले शब्द जसेच्या तसे असलेले बरे.

हे सगळं केलं तरी रेझ्युमे न्याय मिळवून देईलच असं नाही. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२मध्ये नेमका यावरच प्रयोग केला. प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या जागेसाठीचा एकच अर्ज विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांना दाखवला. काहींच्या प्रतीवर नाव होतं जॉन, काहींच्या प्रतीवर जेनिफर. बाकी एक अक्षरही वेगळं नव्हतं. जॉन जास्त लायक ठरला आणि त्याला सरासरी ३० हजार डॉलरच्या वर पगार देऊ केला गेला. जेनिफरला साडेसव्वीस हजारांच्या आसपास. हा भेद प्राध्यापिकांनीही तितकाच केला.

मराठी माणसाला यासाठी येलपर्यंत जायला नको. कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सीला गुणवत्ता यादीत सगळ्यांच्या वर होत्या. १९३३ साली त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला आणि तिथले संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केवळ बाई म्हणून तो नाकारला. त्या स्वतः तिथे जाऊन हटून बसल्या, तेव्हा वर्षभर पारखून घेण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. नोबेल मिळालेल्या माणसाला जे कागदावर दिसलं नाही, ते वर्षभरात प्रयोगशाळेत दिसलं, आणि पुढे तिथे मुलींना प्रवेश मिळू लागला. कमलाबाईंनी नंतर केंब्रिजमध्ये वनस्पतींच्या पेशींतल्या सायटोक्रोम-सीवर काम केलं. १९३९ साली पीएचडी मिळवून देणारा त्यांचा प्रबंध होता जेमतेम ४० पानांचा. आपल्याकडे एमएस्सीच्या प्रकल्पाचे अहवाल याहून जाड असतात, त्यातली निम्मी पानं ‘प्रस्तावना’ म्हणून इकडून तिकडून आणलेली.

म्हणून सगळा भार उमेदवारावर टाकून मोकळं होता येणार नाही. प्रकल्पाच्या जागा काढणाऱ्या संस्थांनी अर्जासोबत एकच जादा पान मागावं: स्वतः केलेला एक प्रयोग, तो कुठे अडला आणि मग काय केलं. छाननी समितीचा वेळ वाढणार नाही, उलट वाचेल. शक्य असेल तिथे पहिल्या फेरीत ते पान नाव झाकून वाचावं. येलच्या प्रयोगात नावाखेरीज काहीच वेगळं नव्हतं, हे लक्षात घेतलं तर ही सूचना फार अवघड वाटू नये.

महाविद्यालयांचं काम याहून मोठं आहे. तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती, टीआयएफआरचा उन्हाळी कार्यक्रम, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवीच्या मुलांसाठीचा नियस उपक्रम, ही नावं मुंबई-पुण्याच्या मोजक्या महाविद्यालयांत पाठ असतात. तालुक्याच्या गावी ती सूचनाफलकावरही येत नाहीत. जिथे एका एचपीएलसीवर सगळ्या विभागाची गुजराण असते आणि कॉलम खराब होईल म्हणून मुलांना हातच लावू दिला जात नाही, तिथल्या मुलांनी त्या यंत्राचं नाव रेझ्युमेत घातलं, तर दोष फक्त त्यांचा नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात एमएस्सीला संशोधन पद्धती, ऑन जॉब ट्रेनिंग आणि संशोधन प्रकल्प हे सगळं आलंय. पुस्तकी कामाला हाताचं काम जोडायची ही चांगली संधी आहे, पण चार जणांच्या गटाला एक प्रकल्प आणि चौघांना एकच शब्दशः प्रमाणपत्र हीच पद्धत राहिली, तर जर्नलची जागा प्रकल्पाचा अहवाल घेईल, एवढाच फरक. १०.१, १०.४, १०.२ असं खरं रीडिंग लिहून आणणाऱ्या आणि ते का हललं हे सांगणाऱ्या मुलाला प्रात्यक्षिकात पूर्ण गुण द्यायला कुठल्याही प्राध्यापकाला आजही मोकळीक आहे. गटातल्या कुणी कुठला प्रयोग किती वेळा केला, हे मार्गदर्शकानं प्रमाणपत्राला जोडून वेगळ्या कागदावर सही करून द्यायचं ठरवलं, तर त्यासाठी विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट पाहायचीही गरज नाही.